मर-रेझिस्टंट वांगी पण मरायला लागली, जिवाणू बदलला म्हणायचं का?

मोरडकार_पेडणे:
नमस्कार मंडळी. पेडण्यात मोरडावर, म्हणजे पाणी न धरणाऱ्या उंच जमिनीवर, वांगी आणि थोडी मिरची लावतो, पाऊस उघडला की रोपं घालायची आणि शिमग्यापर्यंत तोडा चालू ठेवायचा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकायची, असा सगळा हिशोब. पूर्वी गावठी वांगी लावायचो ती मर रोगाने उभ्याउभ्या झोपायची. सकाळी झाड हिरवंगार, दुपारी मान टाकलेली, संध्याकाळी परत जरा सावरल्यासारखं करतं आणि दोनतीन दिवसांत खलास, पानं पिवळी पण पडत नाहीत. म्हणून मर-रेझिस्टंट म्हणून जी रोपं मिळतात ती आणायला लागलो. सुरवातीला काय मस्त आली, शेजारी बघायला यायचे. आता परत तेच सुरू झालंय, सगळ्या मळ्यात नाही पण खालच्या अंगाला, जिथे झरीचं पाणी पाटाने आधी शिरतं तिथे ओळीच्या ओळी जातायत.

नर्सरीवाल्याला विचारलं तर म्हणतो "बाब, नवीन स्ट्रेन आलाय, रोपांचा दोष नाय." हे त्याला बरं पडतं म्हणून सांगतोय की खरंच तसं होतं? जिवाणू एवढ्या लवकर बदलतो का, आपल्या गोव्यात एकच प्रकार आहे की वेगवेगळे, आणि हे ओळखतात तरी कसं? औषध कुठलं मारू ते विचारत नाहीये, मारून दमलो.

फोंड्याची_माई:
बाबा, आधी तो जिवाणूच आहे का ते बघ, मग स्ट्रेनच्या गोष्टी. मरायला लागलेलं पण अजून हिरवं असलेलं झाड घे, सुकून काडी झालेलं नको. जमिनीलगतचा देठ बोटभर लांब काप आणि साध्या काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन कापलेलं टोक पाण्यात बुडेल असा दोऱ्याने किंवा चिमट्याने लटकव. ग्लास हलवायचा नाही. जिवाणूजन्य मर असेल तर थोड्याच मिनिटांत टोकातून दुधासारखा पांढरा धागा सरळ खाली उतरताना दिसतो, मागे काळा कागद धरला की अजून स्पष्ट. बुरशीची मर असेल तर असं काही उतरत नाही, आणि त्यात बहुतेक वेळा खालची पानं आधी पिवळी होतात.

आणि झाड उपटलंस की मुळं पाण्यात धुवून बघ. गाठी असतील तर सूत्रकृमी आहे. सूत्रकृमीने मुळाला भोकं पाडली की जिवाणूला आयतं दार मिळतं, मग रेझिस्टंट झाड पण कोसळू शकतं. आमच्याकडे कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेला लावलेल्या वांग्यांचं हेच झालं होतं आणि आम्ही उगाच बियाण्याला शिव्या देत बसलो होतो.

पेट्रीडिश:
माई म्हणतायत ते पहिलं करा. तो रालस्टोनियाच, म्हणजे ही मर करणारा जिवाणू, आहे असं धरून पुढचं लिहितो, जरा लांब होईल, मायक्रोबायोलॉजी हा पोटापाण्याचा धंदा आहे त्यामुळे राहवत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हा "एक" जिवाणू नाहीच. १८९६ मध्ये अर्विन स्मिथने त्याचं वर्णन केलं तेव्हापासून त्याचं नाव चारपाच वेळा बदललंय, बॅसिलस, स्यूडोमोनास, बर्कहोल्डेरिया, आणि १९९५ पासून रालस्टोनिया. आता शास्त्रज्ञ त्याला प्रजाती-समूह म्हणतात. २००५ मध्ये फेगन आणि प्रायर या दोघांनी डीएनएवरून त्याचे चार मोठे गट पाडले, त्यांना फायलोटाइप म्हणतात. पहिला आशियातला, दुसरा अमेरिका खंडातला, तिसरा आफ्रिकेतला, चौथा इंडोनेशियाकडचा. २०१४ मध्ये तर याच्या सरळ तीन वेगळ्या प्रजाती केल्या, त्यामुळे आपल्याकडचा जो पहिला गट तो आता रालस्टोनिया स्यूडोसोलानासिएरम. रिपोर्टवर असं लांबलचक नाव आलं तर नवीन रोग आला म्हणून घाबरू नका, पाटी बदललीय फक्त.

गोव्याचं विचारलंत तर आपलं नशीब चांगलं, कारण यावर जुन्या गोव्याच्या आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) संस्थेतच काम झालंय. २०१४ मध्ये त्यांचा पेपर आला, वांगी-टोमॅटो-मिरची वर्गातल्या भाज्यांवरच्या भारतातल्या जिवाणूंवर. ते पहिल्या फायलोटाइपचे निघाले, पण त्याच्या आत जे बारीक उपगट असतात, ज्याला सेक्वेवार म्हणतात, त्यातले काही जगात आधी नोंदवलेल्या कुठल्याच उपगटाशी जुळेनात. म्हणजे एकच घराणं पण आत भाऊबंद पुष्कळ, आणि काही इथलेच. तेव्हा "गोव्यात एकच प्रकार आहे का" याचं उत्तर नाही असंच आहे.

ओळखतात कसं ते सांगतो. देठातून उतरलेला तो धागा घेऊन लाल रंग देणाऱ्या एका रसायनाच्या माध्यमावर पसरतात, टीटीसी म्हणतात त्याला. दोन दिवसांनी ओघळल्यासारख्या, पांढऱ्या आणि मधे गुलाबी ठिपका असलेल्या वसाहती दिसतात, तो रोग करणारा. गोल, गच्च लाल आणि कोरड्या दिसल्या तर त्याने रोग करायची ताकद टाकलेली असते, प्लेटवर जास्त दिवस ठेवला की असं आपोआप होतं. मग पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या. चारही फायलोटाइपला वेगवेगळ्या लांबीचा तुकडा येतो, पहिल्याला १४४ अक्षरांचा, दुसऱ्याला ३७२ चा, त्यामुळे जेलवर पट्टी बघूनच गट कळतो. सेक्वेवारसाठी एन्डोग्लुकानेज नावाच्या जीनचा साडेसातशे अक्षरांच्या आसपासचा तुकडा वाचून जुळवतात. एकाच मळ्यातले दोन नमुने भाऊ आहेत की शेजारी हे बघायचं असेल तर याच्याही खाली, बॉक्स-पीसीआर (डीएनएचा बोटाच्या ठशासारखा ठसा) किंवा सरळ अख्खा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए वाचायचा.

आता बदलतो का? बदलतो, आणि हा तर फारच. २००२ मध्ये याचा पहिला जीनोम वाचला, फ्रेंच गयानातल्या टोमॅटोवरून काढलेला जीएमआय-१००० नावाचा. सुमारे ५८ लाख अक्षरं, दोन भागांत, एक ३७ लाखांचं गुणसूत्र आणि दुसरा २१ लाखांचा मेगाप्लाझमिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा मोठा तुकडा. त्यात झाडाच्या पेशीत सुईसारखी टोचून सोडायची सत्तरच्या आसपास प्रोटीन्स, आणि प्रत्येक स्ट्रेनकडे त्यांचा संच वेगळा. वर हा जिवाणू बाहेर पडलेला दुसऱ्याचा डीएनए स्वतःहून आत ओढून आपल्यात जोडून घेऊ शकतो. सगळ्याच जिवाणूंना हे सहज जमत नाही. २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की चारही गटांत हा पहिला, म्हणजे आपला आशियातला, अशी अदलाबदल फार करतो आणि त्याची संख्याही पसरत चाललीय.

याच्या बरोब्बर उलट बटाट्यावरचा. तो दुसऱ्या गटातला, बियाण्याच्या बटाट्यातून जगभर गेला, आणि कुठूनही काढा जवळपास एकसारखा. मानकुरादची कलमं सगळी एका झाडाची आणि कोयीचे आंबे प्रत्येक वेगळा, तेवढा फरक समजा. मोरडकार, तुमच्याकडे आहे तो कोयीचा.

मोरडकार_पेडणे:
माई, केलं. धागा आला, घरातली पोरं पण बघत उभी राहिली. गाठी काही झाडांना आहेत काहींना नाहीत, पण मेलेल्यात गाठी नसलेली पण आहेत.

पेट्रीडिश सर, म्हणजे नर्सरीवाला बरोबर?

डिचोलीचो_अ‍ॅग्री:
थांबा थांबा, एवढ्यात त्याला बरोबर ठरवू नका 😀 "जिवाणू बदलू शकतो" आणि "तुमच्या मळ्यातला बदलला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्याची रोपं मेली त्याला नवीन स्ट्रेन हे सगळ्यात सोयीचं उत्तर असतं कारण ते कोणी तपासतच नाही.

वांग्यातली रेझिस्टन्स हे बहुतेक वेळा कुलूप लावलं आणि चोर थांबला असं प्रकरण नसतं. जिवाणू आत जातोच, फक्त झाड त्याला खोडात फार वाढू देत नाही. जमिनीत संख्या वाढली, फेब्रुवारी-मार्चला उन्हं तापली, मुळं तुटली, की तेच झाड तोच जिवाणू आणि तरी मर. याला तीसपस्तीस डिग्रीची गरमी लागतेच, आपल्याकडे शिमग्याच्या सुमारास काय परिस्थिती असते ते सगळ्यांना माहितीये. तुम्ही दरवर्षी त्याच तुकड्यात वांगी, मिरची, कडेला टोमॅटो लावत असाल तर जिवाणूला दर हंगामात जेवण वाढताय, मधे उपास नाही. आणि रोपं खरंच त्या वाणाची होती का हा प्रश्न आहेच, ट्रेमध्ये सगळी वांग्याची रोपं सारखीच दिसतात.

खरोखर बदल झाला हे सिद्ध कसं करतात त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण भाताच्या कडा करप्याचं आहे, तो पण जिवाणूच, झॅन्थोमोनास. फिलिपाइन्समध्ये १९६९ च्या आयआर-२० पासून पुढच्या वाणांत एक्सए-४ नावाचा रेझिस्टन्स जीन होता, शेतकऱ्यांनी तेच तेच लावलं. तिथे वर्षानुवर्षं शेतातून जिवाणू गोळा करून ठराविक भातांच्या संचावर टोचून बघत होते, आणि त्यात स्वच्छ दिसलं की आधी रेस १ (रेस म्हणजे कुठल्या वाणावर रोग करतो त्यावरून पाडलेला प्रकार) जास्त होती ती मागे पडली आणि एक्सए-४ ला न जुमानणारी रेस २ वर आली. म्हणजे नवीन राक्षस आकाशातून पडला नाही, थोड्या संख्येने होता त्याला आपणच वाण लावून निवडून दिला.

पण त्याच भागात एक्सए-७ बराच टिकला. का, तर त्याला चुकवायला जिवाणूला स्वतःचं एक महत्त्वाचं प्रोटीन मोडावं लागतं आणि ते मोडलं की त्याची रोग करायची ताकदच घटते. २००० मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे सगळ्या रेझिस्टन्स सारख्या लवकर मोडत नाहीत. नर्सरीवाल्याला विचारा ना तुमच्या वाणात कुठली आहे, त्याच्याकडे उत्तर नसेल.

पेट्रीडिश:
अ‍ॅग्री भाऊंशी बरंचसं सहमत, पण "वांग्यात कुलूप नसतं" एवढं सरसकट नको. एजी ९१-२५ नावाचं एक वांगं आहे, त्यावर फ्रेंच लोकांनी बरंच काम केलंय. त्यात जिवाणूचं आरआयपीएएक्स-२ हे एकच प्रोटीन ओळखून झाड लढायला उठतं. २०१८ मध्ये दाखवलं की जीएमआय-१००० मधून तेवढं प्रोटीन काढून टाकलं की ते वांगं पण मर खातं. म्हणजे तिथे कुलूप आहे आणि किल्ली एका जीनची आहे. ज्या स्ट्रेनकडे ते प्रोटीन मुळातच नाही त्याच्यासमोर ते वांगं साधं वांगं. म्हणूनच एका राज्यात रेझिस्टंट ठरलेलं वाण दुसऱ्या राज्यात पडतं, जिवाणू बदललेला नसतो, तिथला वेगळाच असतो.

बदलायला किती वेळ लागतो त्यावर एक प्रयोग मला फार आवडतो. जीएमआय-१००० लाच झाडांच्या खोडात टोचायचा, वाढला की काढून पुढच्या झाडात, असं करत ३०० पिढ्यांच्या वर नेला, काही रांगा टोमॅटो-वांग्यात आणि काही घेवडा-कोबीत, म्हणजे जी त्याची नेहमीची झाडं नव्हेत. २०१४ चा पेपर आहे. परक्या झाडांत त्याची प्रगती जास्त झाली आणि घेवड्यातल्या कितीतरी रांगांत एकाच जीनमध्ये बदल सापडले, ईएफपीआर त्याचं नाव. जिवाणूच्या ३०० पिढ्या म्हणजे काही फार मोठा काळ नव्हे, अनुकूल गरमीत दिवसातून बऱ्याच पिढ्या होतात. तेव्हा एका शेतकऱ्याच्या हयातीत बदल होणं यात अशक्य काहीच नाही.

तरी मोरडकारांच्या बाबतीत माझा पहिला संशय बदलावर नाही, पाण्यावर आहे. त्यांनीच लिहिलंय ना, पाटाचं पाणी आधी जिथे शिरतं तिथून सुरू होतंय. बाहेरून आलेला आणि जागेवर बदललेला हे दोन्ही शेतकऱ्याला सारखेच दिसतात. १९९९ मध्ये कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर असाच एक आला, जो केळीवरच्या जिवाणूचा जवळचा नातेवाईक पण केळीला काही करत नाही, उलट अँथुरियम आणि काकडी-कलिंगड वर्गातली पिकं मारतो. हिंदी महासागराच्या नैऋत्येकडच्या बेटांवर तर आय-३१ नावाचा एकच सेक्वेवार सगळीकडे पसरलेला सापडला, तो बेटाबेटांवर वेगवेगळा जन्मला असणार नाही, रोपं आणि माल यांच्याबरोबरच फिरला असणार.

साष्टीकर_७२:
पाण्याबद्दल बोलताय म्हणून. आमच्याकडे सरद (पावसाळी) भात काढून त्याच शेतात भाजी घालतात तिथे मर कमी आणि मोरडावर जास्त हे माझे वडील पण सांगायचे. शेत पावसाभर पाण्याखाली राहिलं की जिवाणू कमी होतो असं पुस्तकात पण आहे. पण मोरडावाल्याने काय करायचं, तिथे भात कुठे उभं राहणार पाणी धरून?

आणि आल्याचं काय हो? आलं मरतं ते पण हाच ना?

पेट्रीडिश:
हो, आल्याचा पण पहिल्याच गटातला, पण तो वेगळ्या स्वभावाचा. केरळ वगैरे भागातले आल्यावरचे नमुने तपासले तेव्हा ते एकमेकांसारखेच निघाले, वांगी-टोमॅटोवरच्यांसारखे वेगवेगळे नाहीत. कारण उघड आहे, आल्याचं बियाणं म्हणजे कंद, कंदाबरोबर जिवाणूही गावोगाव. ज्या मळ्यात आलं मेलं तिथे वांगं लावणं टाळा एवढंच सांगेन.

पाण्याचं उदाहरण युरोपातलं देतो कारण तिथे ते चांगलं उलगडलंय. हॉलंड, इंग्लंडमध्ये बटाट्याचा रोग येत राहिला तेव्हा कळलं की नदीकाठी वाढणारं कांगोणीच्या जातकुळीतलं एक रानझाड आहे, त्याची मुळं पाण्यात, त्यात जिवाणू राहतो आणि झाड आजारी पण दिसत नाही. ते पाणी शेतात घेतलं की रोग. तुमच्या झरीच्या काठाने, पाटाच्या बांधावर कांगोणी, रानवांगी असलं काय काय उगवलंय ते एकदा चालत जाऊन बघाच. वरच्या अंगाला दुसऱ्या कोणाचा मिरचीचा मळा असेल तर तेही.

फोंड्याची_माई:
आता कामाचं सांगते. मोरडावर भात नाही तर मका किंवा चवळी एक हंगाम घाल, वांगं-मिरची-टोमॅटो काही नको, झेंडूवर पण हा रोग येतो म्हणून कडेला झेंडू पण नको. आपली जांभ्याची माती आंबट, चुना घालून बघ, माती तपासूनच. मेलेलं झाड उपटून बांधावर टाकू नकोस, मुळासकट नेऊन जाळ, आणि पाणी वरच्या चांगल्या भागाला आधी फिरव, रोगट भागाला शेवटी. स्ट्रेप्टोमायसिन बिल्कुल नको, एकतर जमिनीतल्या जिवाणूपर्यंत ते पोचत नाही, वर त्याला दाद न देणारे तयार होतात ते वेगळेच.

आणि सगळ्या मळ्यात एकच वाण लावू नकोस बाबा. केरळ कृषी विद्यापीठाची सूर्या, श्वेता, हरिता आहेत, बंगळूरची अर्का निधी, अर्का केशव आहेत, जुन्या गोव्याच्या संस्थेची स्वतःची मर सोसणारी वाणं आहेत. एकेक ओळ रोगट भागातच लाव, चांगल्या भागात लावून काय कळणार. रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं पण मिळतात हल्ली, महाग पडतात पण थोडी लावून बघ.

डिचोलीचो_अ‍ॅग्री:
माईंचं ते ओळींचं खरंच करा, आणि त्यात आपलं जुनं गावठी वांगं पण एक ओळ ठेवा. ते आधी मेलं आणि बाकीची तगली तर जिवाणू नेहमीचाच, वाण टिकून आहेत. गावठीबरोबर तुमचं "रेझिस्टंट" पण त्याच आठवड्यात मेलं आणि दुसऱ्या ठिकाणची वाणं तगली, तर मग एकतर रोपं खोटी किंवा जिवाणू त्या वाणाला पुरून उरणारा. सगळीच गेली तर आधी पाणी आणि माती. लॅबशिवाय एवढं कळतं.

मोरडकार_पेडणे:
ओळी लावतो. मका घालायचा तो वरच्या तुकड्यात घालतो, खालच्या रोगट तुकड्यात या ओळी. पाटाच्या वरच्या अंगाला माझ्या चुलतभावाचीच मिरची आहे, आणि त्याची पण गेल्या हंगामात गेली होती, तेव्हा लक्षातच आलं नाही की पाणी तिथूनच खाली येतं. त्याच्याशी बोलायला लागेल, ते स्ट्रेनपेक्षा अवघड काम आहे 😅

नमुना जुन्या गोव्याला केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात) नेऊन द्यायचाय. झाडं उपटून फ्रीजमध्ये ठेवली तर चालतील का? सोमवारपर्यंत जायला जमणार नाही.

पेट्रीडिश:
फ्रीजमध्ये नको. थंडीत हा जिवाणू अशा अवस्थेत जातो की जिवंत असतो पण प्लेटवर वाढत नाही, मग लॅबवाले म्हणतील काही सापडलं नाही. उलट साध्या निर्जंतुक पाण्यात खोलीच्या तापमानाला हा वर्षानुवर्षं टिकतो, लॅबमध्ये जुने नमुने तसेच ठेवायची पद्धत आहे. केव्हीकेत विचारा तुमच्या भागातला जुना नमुना आहे का, जुना आणि नवा एकाच वाणावर शेजारी शेजारी टोचून बघितला तरच "बदलला" म्हणता येईल.

तुम्ही रविवारी संध्याकाळी झाडं काढा. नुकतीच मान टाकलेली, चारपाच वेगवेगळ्या ओळींतली, एकाच कोपऱ्यातली सगळी नकोत. देठाचा खालचा वीतभर भाग मुळासकट कागदात गुंडाळून सावलीत ठेवा, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधू नका कुजतं. प्रत्येकावर ओळ नंबर आणि वाणाचं नाव लिहा. भावाच्या मिरचीची दोन झाडं पण न्या, आणि पाटाच्या तोंडाचं बाटलीभर पाणी.